भूजलाच्या टिपणांवरचं नाव

शुक्रवार, ११ जुलै २००८, शिरूर

प्रशिक्षक म्हणून माझं नाव पक्कं झालं. प्राचार्यांनी दुपारी बोलावून पुण्याहून आलेलं पत्र दाखवलं. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतल्या कॉलेजांच्या प्राध्यापकांना ‘मुक्त शैक्षणिक साहित्य’ कसं वापरायचं आणि कसं तयार करायचं, हे मी शिकवायचं आहे. मागच्या महिन्यात पुण्यात तीन दिवसांचं शिबिर केलं, त्याचं हे फळ. आमच्याकडून शिबिराला जायला कुणी तयार नव्हतं. मीही संगणकाच्या हौसेने गेलो नाही. त्या तीन दिवसांतली सुपरव्हिजन टळत होती म्हणून गेलो.

कल्पना सोपी आहे. टिपणं, नकाशे, आकृत्या इंटरनेटवरच्या एका सामायिक जागेवर ठेवायच्या. कुणीही घ्याव्यात, बदलाव्यात, आपल्या मुलांना द्याव्यात. परवानगी मागायला नको. अट एकच: मूळ काम ज्याचं, त्याचं नाव काढायचं नाही.

प्रत्येक प्रशिक्षकाने आपल्या विषयातला एक नमुना घटक वीस तारखेच्या आत चढवायचा आहे. मी भूगोल शिकवतो, म्हणून ‘भूजल’ निवडलं. घरी येऊन माझी जुनी टिपणं काढली. १९८६ सालची, माझ्या आधीच्या सरांच्या वहीवरून उतरवलेली. त्यांनीही ती कुठून तरी उतरवलेली असणार. आमच्याकडे टिपणं अशीच हातोहात येतात. झेरॉक्स निघते, वरचं नाव पांढऱ्या शाईखाली जातं आणि पुढच्याचं नाव येतं. ती पुण्याला दाखवायची लाज वाटली.

मंगळवार, १५ जुलै

घटकाचा प्रश्न सुटला. सुफिया तांबोळीकडे भूजलाची टिपणं आहेत आणि ती चांगली आहेत.

सुफिया आमच्या विभागात तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे जितके तास शिकवेल तितकंच मानधन, आणि दर जूनला नव्याने अर्ज. हे तिसरं वर्ष. न्हावऱ्याहून एसटीने येते. तिचे वडील मीरासाहेब चाळीस वर्षं विहिरी खोदतात. न्हावरे, पाबळ, अगदी दौंडच्या हद्दीपर्यंत त्यांनी विहिरी पाडल्या आहेत. दिवसाचं काम संपलं की किती खोल गेलो आणि कोणता खडक लागला, याची चुन्याची रेघ ते विहिरीच्या भिंतीवर मारून ठेवतात. सुफियाने त्यातल्या चार विहिरींच्या रेघा मोजून वहीत आकृत्या काढल्या आहेत. वर माती, मग मुरूम, बावीस फुटांवर मांजऱ्या, म्हणजे आपला छिद्रांचा मऊ खडक, आणि त्याखाली काळा पाषाण. पाणी मांजऱ्याच्या तळाला का सापडतं, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा त्या आकृतीवरून लवकर समजतं. एके ठिकाणी लिहिलंय, ‘आमचे अब्बा पहार आपटून आवाजावरून खडक ओळखतात.’ पुढे आवाजांचं वर्णन आहे.

मी वही मागितली. ती म्हणाली, घ्या ना सर, पण तशी ती माझी नाहीत, अब्बांची आहेत. माझं युनिकोड टायपिंग सावकाश, म्हणून उद्यापासून दोन दुपारी लॅबमध्ये बसून तीच टाइप करून देणार आहे.

शुक्रवार, १८ जुलै

घटक चढला. माझ्या खात्यातून, माझ्या नावाने. शेवटी नियमाप्रमाणे मी स्वतः ओळ घातली: ‘मूळ टिपणे: सुफिया तांबोळी. माहिती: मीरासाहेब तांबोळी, न्हावरे.’ सुफियाने वाचून पाहिलं. वडिलांचं नाव कधी छापलेलं पाहिलं नव्हतं, म्हणाली.

शनिवार, १९ जुलै

पुण्याच्या समन्वयक बाईंचा दुपारी फोन आला. घटक आवडला, पण प्रशिक्षकाचा नमुना घटक त्याच्या स्वतःच्या लेखनाचा हवा, असं त्या म्हणाल्या. तुमच्या शेवटच्या ओळीवरून तसं वाटत नाही. वीस तारीख उद्यावर. नवीन घटक लिहायला आठवडा तरी लागेल.

ओळ तूर्त काढली आहे. नंतर घालता येईल. मधलं ‘आमचे अब्बा’ही बदलून ‘न्हावऱ्याचे एक अनुभवी कारागीर’ केलं. वाक्य अधिक नेटकं झालं. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम. तसंही ‘ती माझी नाहीत’ असं तीच म्हणाली होती.

सोमवार, २८ जुलै

घटक मंजूर झाला. समन्वयक बाईंनी सकाळी फोन करून सांगितलं. इतर तालुक्यांच्या प्रशिक्षकांना नमुना म्हणून तोच दाखवणार आहेत. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं. लॅबचा शिपाई हौशीराम म्हणाला, सर, आता तुमी इंटरनेटवर हाय म्हंजी कलेक्टरच्या वर गेला.

सुफिया तास संपवून आली होती. तिने विचारलं, “सर, ते पान कुणालाही दिसतं ना? दौंडला पण?”

मी सांगितलं, दौंडलाच काय, अमेरिकेतही दिसतं. ती थोडा वेळ दाराशी उभी राहिली आणि गेली. तिलाही या कामाची गोडी लागलेली दिसते. पुढच्या खेपेला तिला शिबिराला पाठवायला हवं.

नऊ तारखेला दौंडच्या कॉलेजात पूर्णवेळ जागेसाठी तिची मुलाखत आहे. वर्गात डेमो घ्यावा लागतो. मी शिफारसपत्र दिलं, हात राखून लिहिलं नाही. हुशार, कष्टाळू, मनमिळाऊ.

शनिवार, ९ ऑगस्ट

दुपारी तीनला दौंडहून बिरदेव कोकरे सरांचा फोन आला. ते तिथले भूगोलाचे विभागप्रमुख आणि निवड समितीतले एक. बोलणं जसं झालं तसं लिहून ठेवतो.

“सर, या तांबोळी मॅडमनी आत्ता डेमो घेतला. भूजल. शब्दाला शब्द तुमच्या घटकातलं. ती बावीस फुटांवरच्या मांजऱ्याची आकृतीसुद्धा. विचारलं तर म्हणतात, वडिलांचं आहे.”

मी म्हणालो, आमच्याकडे माझी टिपणं सगळेच वापरतात.

“म्हणजे तुमचीच ना?”

“हो.”

ते म्हणाले, मग ठीक आहे, खात्री करून घ्यायची होती. मी त्यांना सांगितलं की मुलगी चांगली आहे, तेवढ्यावरून तिचं नुकसान करू नका. हे सांगितलं याचं मला नंतर बरं वाटलं. आता लिहिताना वाटत नाही.

सोमवार, ११ ऑगस्ट

सुफियाचा निकाल राखून ठेवला आहे. हौशीरामने सांगितलं. त्याचा मेहुणा दौंडच्या कॉलेजच्या ऑफिसात आहे, त्यामुळे बातमी खरी. पाच उमेदवारांत डेमो तिचाच चांगला झाला होता. हौशीराम म्हणाला, “चोरीचं शिकवलं म्हणत्यात. पोरांसमूर इचारलं तिला, कुठून उतरवलं म्हून.”

मग माझ्याकडे न बघता माउस पुसत बसला. माउस स्वच्छ होता.

सुफिया नेहमीच्या एसटीने आली, नमस्कार सर म्हणाली, दुसरा आणि चौथा तास घेतला. मी तिसऱ्या तासाला लायब्ररीत बसलो. तिथे मला काही काम नव्हतं.

गुरुवार, १४ ऑगस्ट

तीन दिवस ठरवतोय, झालं काही नाही. दौंडला फोन करायचा, तर काय सांगायचं? नऊ तारखेला एक सांगितलं, आज दुसरं सांगतो? शिवाय त्यांनी निकाल राखून ठेवला आहे, नाकारलेलं नाही. मार्ग निघेल.

बारा वर्षं मी पुण्याच्या एका दैनिकाला शिरूरच्या बातम्या पाठवल्या. माहिती कुणी दिली, हे लिहिल्याशिवाय एकही बातमी गेली नाही. पाणीवाटपाच्या भांडणातसुद्धा नाही, अंगावर यायची वेळ आली तरी. हे आज आठवायला नको होतं.

घरी हिने विचारलं, सुफियाचं काय झालं? म्हटलं, राहिलं. ती म्हणाली, तिने तुमच्यासाठी दोन दुपारी टायपिंग केलं होतं ना? मी म्हणालो, हो, केलं होतं.

बुधवार, २० ऑगस्ट

नाव परत घातलं. दुपारी लॅब रिकामी होती, लाइट सव्वातीनला आली. ओळ होती तशी लिहिली आणि ‘अनुभवी कारागीर’ खोडून पुन्हा ‘अब्बा’ केलं. आता पान उघडणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसेल. दौंडवाल्यांनी पुन्हा पाहिलं, तर त्यांचं तेच समजतील. मला फोन करायची गरज उरणार नाही. बऱ्याच दिवसांनी कॅन्टीनला चहा घेतला.

शनिवारी दौंडची कार्यशाळा आहे. पुण्याहून आलेली पुस्तिका चाळली. आठ पायऱ्या आहेत, त्याप्रमाणे जायचं. सातवी पायरी शिबिराच्या शेवटच्या तासाला शिकवली होती. तेव्हा मी शिरूरची एसटी पकडायला निघून आलो होतो. पुस्तिकेत नीट लिहिलेली आहे, अडचण येणार नाही.

शनिवार, २३ ऑगस्ट, दौंड

आज जे झालं ते सव्वीस प्राध्यापकांनी पाहिलं. कुणी दुजोरा द्यायची गरज नाही.

सकाळच्या एसटीने न्हावरे, चौफुला करत दहाला पोचलो. स्वागत झालं, नारळ दिला. पहिल्या सहा पायऱ्या चांगल्या गेल्या. पहिल्या पायरीला मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: मूळ कर्त्याचं नाव काढायचं नाही. पुढच्या बाकावरच्या एका बाईंनी ते वहीत उतरवून खाली दोन रेघा मारल्या.

जेवणानंतर सातवी पायरी. मी पुस्तिकेतून वाचून दाखवलं. पानाच्या वरच्या बाजूला ‘इतिहास’ असं बटण असतं. ते दाबलं की पान पहिल्यापासून कुणी, कधी आणि काय बदललं ते दिसतं. कोणत्याही दोन तारखा निवडून शेजारी शेजारी ठेवता येतात. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं. पण तोवर वाक्य संपलं होतं.

संगणकावर बिरदेव सर बसले होते. ते म्हणाले, तुमचाच घटक घेऊ, मंजूर झालेला आहे. मी म्हणालो, दुसरा एखादा घ्या, तो फार छोटा आहे. त्यांना वाटलं, मी संकोच करतोय. प्रोजेक्टरमधून पान भिंतीवर आलं. तळाशी सुफियाचं नाव होतं. ते बघून बिरदेव सर थांबले. माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी बटण दाबलं.

भिंतीवर डावीकडे १८ जुलै, उजवीकडे १९ जुलै. डावीकडे ती ओळ होती, उजवीकडे नव्हती. जे शब्द काढले ते लाल झाले होते. ‘आमचे अब्बा’ लाल. ‘सुफिया तांबोळी’ लाल. वर माझं नाव आणि वेळ, दुपारी दोन वाजून सोळा मिनिटं. मग त्यांनी पुढची तारीख लावली. २० ऑगस्ट. बुधवारी मी परत घातलेलं सगळं तिथे होतं, तेही वेळेसकट. डेमो नऊ ऑगस्टला झाला, हे त्या खोलीतल्या निम्म्या लोकांना माहीत होतं.

पंखा चालू होता. मागून कुणीतरी चहा सांगू का म्हणून विचारलं. दोन रेघा मारणाऱ्या बाईंनी हात वर केला.

“सर, म्हणजे काढलेलंसुद्धा दिसतं?”

“हो,” मी म्हणालो, “दिसतं.”

आठवी पायरी मी घेतली. कशी घेतली ते आठवत नाही. प्रमाणपत्रंही माझ्याच हस्ते वाटली. सगळ्यांनी घेतली, वाकून नमस्कारही केला. ते सर्वांत वाईट होतं.

बिरदेव सर स्टँडपर्यंत सोडायला आले. मला वाटलं चिडतील. ते चिडले नाहीत. रेल्वे पुलाशी गाडी थांबवून म्हणाले, “त्या मुलीला मी वर्गात विचारलं, पन्नास पोरांसमोर. ती म्हणाली, वडिलांचं आहे. मी हसलो, सर. मी हसलो त्याचं काय करू आता?”

मग म्हणाले, समिती मंगळवारी बसते. तुम्ही या आणि तोंडाने सांगा. पानाची प्रत मी छापून ठेवतो, पण नुसत्या कागदावर भागणार नाही.

रविवार, २४ ऑगस्ट, न्हावरे

सुफियाच्या घरी जाऊन आलो. तिला कालचं कळलं होतं. कार्यशाळेतली एक बाई तिची एम.ए.ची वर्गमैत्रीण निघाली.

मीरासाहेब ओसरीवर पहारीचं टोक घासत बसले होते. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, तळहात फळीसारखे. सलाम सर म्हणाले आणि खुर्ची पुढे केली. मी एसटीत बसून जे ठरवलं होतं ते सांगायला लागलो. घाई होती, तारीख होती, नंतर घालणारच होतो. माझं बोलणं आपोआप थांबलं.

मग ते म्हणाले, “सर, इतक्या हिरी पाडल्या, एकीवर तरी आमचं नाव हाय का? मालकाचं आस्तं. आमाला त्याचं कवा काय वाटलं न्हाई. पानी लागलं, झालं. तुमी आमचं नाव काडलं, काडू द्या.” थोडा वेळ पहार घासली. “पन पोरीला चोर म्हनले. माजंच शिकवलं तिनं, आन् माज्याच शिकवन्यापायी चोर झाली. ते मला न्हाई गिळत.”

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते समजलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

सुफिया चहा घेऊन आली. मी तिला सांगितलं की मंगळवारी दौंडला जाऊन समितीला सगळं स्पष्ट करतो, तू काळजी करू नकोस. तिने कप ठेवला.

“अठ्ठावीस जुलैला मी पान बघितलं होतं, सर. तुम्हाला विचारायलाच आले होते, दौंडला दिसतं का म्हणून.”

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललीस?

“शिफारसपत्र तुमच्याकडनंच घ्यायचं होतं.”

ती रागाने म्हणाली नाही. तास किती वाजता आहे ते सांगावं, तशी म्हणाली. मग तिने आपलं म्हणणं सांगितलं. तिच्यासाठी मी बोलून जागा मिळवायची नाही. तिला डेमो पुन्हा घ्यायचा आहे, तोच विषय, तोच वर्ग, तीच मुलं. पाठ संपेपर्यंत मी तोंड उघडायचं नाही. त्यानंतर समितीने विचारलं तर खरं सांगायचं, आणि तेही मुलं बाहेर जायच्या आत.

मी म्हणालो, समितीपुढे सांगितलं तर पुरे नाही का? मुलांसमोर कशाला?

मीरासाहेब मला म्हणाले, “चा घ्या सर, गार व्हतोय.”

सोमवार, २५ ऑगस्ट, शिरूर

समिती उद्या अकराला बसणार, हे बिरदेव सरांनी आज दुपारी फोनवर नक्की केलं. सुफियाची मागणी मान्य झाली आहे. त्यांनीच अर्ज पुढे केला आणि खाली आपली सही केली. समितीतले एकजण अजून नाराज आहेत. त्यांचं म्हणणं असं की शिरूरचे सर आता मुलीला वाचवायला खोटं बोलत असतील. बिरदेव सर म्हणाले, त्यामुळे पहिला प्रश्न तेच विचारतील, टिपणं कुणाची. माझं उत्तर गुळमुळीत आलं, तर जागा दुसऱ्या उमेदवाराला जाईल. दुसरी तारीख मिळणार नाही.

प्राचार्यांना सकाळी सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं, ऐकलं आणि म्हणाले, एवढं वाढवायची गरज आहे का? पुण्याच्या बाईंनाही फोन केला. सप्टेंबरची शिरूरची कार्यशाळा कुणी घ्यायची, हे मंगळवारनंतर कळवतील. नमुना घटक म्हणून ते पान राहणार, लेखक म्हणून माझं नाव राहणार नाही. ते आज मीच काढलं आणि कारणाच्या चौकटीत कारण लिहिलं.

संध्याकाळी उत्तर लिहायला बसलो. पहिल्यांदा लिहिलं, ‘ही टिपणं आम्ही दोघांनी मिळून तयार केली.’ वाचलं आणि खोडलं. मग लिहिलं, ‘नाव अनवधानाने राहून गेलं.’ हात इतका सवयीने तिकडे वळतो, हे बघून भीती वाटली. राहून गेलेलं नाही, काढलेलं आहे. आता कागदावर एवढंच आहे: टिपणं सुफिया तांबोळी यांची आहेत. त्यांचं नाव मी काढलं. नऊ तारखेला फोनवर खोटं बोललो. हे तीनदा मोठ्याने वाचलं. तिसऱ्या वाक्याला तिन्ही वेळा आवाज खाली गेला. हिने आतून विचारलं, कुणाशी बोलताय? कागद तिच्या हातात दिला. वाचून परत दिला आणि उद्यासाठी शर्टाला इस्त्री करायला घेतली.

उद्या सातच्या एसटीने निघायचं आहे. न्हावऱ्याला सुफिया आणि मीरासाहेब त्याच गाडीत चढतील. समितीने संदर्भ मागितले आहेत. सुफियाने संदर्भांच्या रकान्यात वडिलांचं नाव लिहिलं आहे, आणि बिरदेव सरांनी त्यांच्यासाठी मागच्या बाकावर जागा ठेवायला सांगितली आहे. माझी जागा त्यांच्या शेजारी आहे. पाठ चाळीस मिनिटांचा असेल. तोवर मी गप्प बसून ऐकायचं आहे. पाठ संपला की मुलं वर्गात असतानाच मला उठवतील.